स्वतःचंच चर्च लिलावात विकत घेणारा बिशप

समजा, तुमच्याच घराचा लिलाव चाललाय. जागा तुमच्या पैशाने घेतलेली, भिंती तुम्ही उभ्या केलेल्या. तरी कुणीतरी कागद नाचवत सांगतोय की हे घर आमचं. आणि तुम्ही त्या गर्दीत उभं राहून बोली लावताय. कारण बोली लावली नाही तर घर गेलं!

१८१५ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एका माणसावर नेमकी हीच वेळ आली. त्याने बोली लावली १०,१२५ डॉलर. त्या काळात ही रक्कम किती मोठी असेल, विचार करा. त्याचं नाव रिचर्ड ॲलन. पण आपलीच गोष्ट विकत घ्यायची ही त्याची पहिली वेळ नव्हती. त्याआधी त्याने स्वतःलाच विकत घेतलं होतं.

रिचर्डचा जन्म १४ फेब्रुवारी १७६० चा. जन्मापासून गुलाम. बेंजामिन च्यू नावाच्या फिलाडेल्फियातल्या बड्या वकिलाची ‘मालमत्ता’. तो लहान असतानाच त्याचं अख्खं कुटुंब डेलावेअरमधल्या स्टर्जिस या शेतमालकाला विकलं गेलं. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतली ही प्रथा संपवायला झटलेल्या लोकांना अर्पण केलं, हे तुम्ही अभ्यासात वाचलं असेल. त्या लढ्याच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी हा एक.

स्टर्जिस वाईट माणूस नव्हता. मारझोड नाही, उपासमार नाही. रिचर्डनेही पुढे त्याच्याबद्दल चांगलंच लिहिलं. पण हा चांगला माणूस कर्जात बुडाला आणि कर्ज फेडायला त्याने काय केलं, तर रिचर्डच्या आईला आणि काही भावंडांना विकून टाकलं. मालक कितीही भला असो, गुलामाचं आयुष्य त्याच्या कर्जाच्या हप्त्यावर टांगलेलं असतं, हे पोराला तेव्हाच कळून चुकलं.

त्याच सुमाराला, सतराव्या वर्षी, तो मेथडिस्ट झाला. मेथडिस्ट म्हणजे जॉन वेस्लीने इंग्लंडमध्ये सुरू केलेली ख्रिस्ती चळवळ. नियमाने प्रार्थना, नियमाने वागणं, म्हणून लोकांनी चिडवायला दिलेलं नाव, तेच पुढे चिकटलं. घोड्यावरून गावोगाव फिरणारे प्रचारक, उघड्यावरच्या सभा, साधी भाषा. वेस्ली स्वतः गुलामगिरीच्या कडक विरोधात होता. अशा सभेत गुलामही येऊन बसायचा, ऐकायचा, बोलायचा.

शेजारचे मालक स्टर्जिसला टोमणे मारायचे, की असले गुलाम देवाधर्माच्या नादाने तुला बुडवणार. रिचर्ड आणि त्याच्या भावाने यावर काय केलं? दुप्पट काम. पीक मागे पडलं असेल तर सभेलाही दांडी. धर्मामुळे माणूस बिघडतो असं म्हणायला जागाच ठेवायची नाही. शेवटी स्टर्जिसनेच प्रचारकांना घरी बोलवायला सुरुवात केली. १७७९ मध्ये फ्रीबॉर्न गॅरेटसन नावाचा प्रचारक आला. त्याने स्वतः आपले गुलाम मुक्त केलेले. बायबलमधल्या, देवाच्या तराजूत हलक्या ठरलेल्या राजाच्या कथेवर तो बोलला. स्टर्जिसला ते लागलं. गुलाम बाळगणं पाप आहे, हे त्याला पटलं.

आता तुम्हाला वाटेल, लगेच सोडलं असेल. छे! पटलं तरी कर्ज होतंच. त्याने सौदा समोर ठेवला: कागदी चलनात दोन हजार डॉलर दे आणि मोकळा हो.

मग रिचर्डने लाकडं फोडली. पहिल्याच दिवशी हाताला इतके फोड आले की मूठ मिटता येईना, उघडता येईना. मग वीटभट्टीवर राबला. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, तेव्हा मिठाची गाडी हाकली. गाडी थांबेल तिथे प्रवचनं द्यायचा. १७८३ मध्ये, मुदतीच्या आधीच, त्याने सगळे पैसे चुकते केले. वय तेवीस. आतापर्यंत तो नुसता ‘रिचर्ड’ होता. ‘ॲलन’ हे आडनाव त्याने मोकळं झाल्यावर घेतलं.

फिरता प्रचारक म्हणून त्याचं नाव व्हायला लागलं. अमेरिकन मेथडिस्टांचे मोठे बिशप फ्रान्सिस ॲस्बरी यांनी त्याला सोबत दक्षिणेच्या दौऱ्यावर बोलावलं. भल्याभल्यांनी उडी मारली असती अशी संधी. अट एवढीच की तिकडच्या गुलामांमध्ये मिसळायचं नाही, आणि झोपायला जागा मिळाली नाही तर गाडीत झोपायचं. मोबदला म्हणजे अन्न आणि कपडे. ॲलनचा प्रश्न साधा होता: उद्या आजारी पडलो तर मला बघणार कोण? तो गेला नाही. इतक्या लहान वयात इतक्या मोठ्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको.

१७८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चने त्याला बोलावलं. प्रवचनाची वेळ पहाटे पाच! तरी काळी माणसं येऊ लागली, वाढू लागली. पुढच्या वर्षी त्याने ॲबसलम जोन्स या सहकाऱ्याबरोबर ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ काढली. वर्गणी जमवायची आणि विधवांना, आजाऱ्यांना, अनाथ पोरांना मदत करायची. गर्दी वाढली तसं चर्चने वरती गॅलरी बांधायला घेतली. काळ्या सभासदांनीही पैसे दिले, घाम गाळला. आणि काम झाल्यावर कळलं की ही गॅलरी आपल्याला वेगळं बसवायला आहे.

एका रविवारी प्रार्थना सुरू झाली होती. सगळे गुडघ्यावर, डोळे मिटलेले. आणि चर्चचा एक विश्वस्त जोन्सला दंडाला धरून उठवायला लागला. तुझी जागा ही नाही, चल. जोन्सने विनवलं, प्रार्थना तरी संपू दे. तो ऐकेना, दुसऱ्याला मदतीला बोलावलं. प्रार्थना संपली आणि सगळी काळी माणसं एकत्र उठून बाहेर पडली. परत गेली नाहीत.

१७९३ मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली. पन्नासेक हजार वस्तीच्या शहरात सुमारे पाच हजार माणसं गेली. ज्यांना जमलं ते पळाले. काळ्या लोकांना हा आजार होत नाही, अशी समजूत डॉ. बेंजामिन रश यांच्यासारख्या नामांकित डॉक्टरचीही होती, आणि त्यांनी ॲलन-जोन्सची मदत मागितली. समजूत साफ चुकीची. काळी माणसंही मेली, ॲलन स्वतः आजारी पडून कसाबसा वाचला. पण लोक कामाला भिडले. शुश्रूषा केली, प्रेतं उचलली, खड्डे खणले.

साथ ओसरली आणि मॅथ्यू केरी या प्रकाशकाने पुस्तिका काढली. त्यात आरोप: काळ्या परिचारकांनी अवाच्या सव्वा पैसे उकळले, चोऱ्या केल्या. गंमत म्हणजे ॲलन आणि जोन्स यांचं त्यात कौतुक होतं. दोघांना गप्प बसता आलं असतं. ते बसले नाहीत. १७९४ मध्ये त्यांनी उत्तरादाखल स्वतःची पुस्तिका छापली आणि जमाखर्चच लोकांसमोर मांडला. जमेपेक्षा खर्च जास्त! दर चढले ते श्रीमंतच एकमेकांवर चढाओढीने बोली लावत होते म्हणून, हेही सांगितलं. आणि केरी स्वतः साथीच्या काळात शहर सोडून गेला होता, याचीही आठवण करून दिली. मला या माणसाची सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आपल्या लोकांना शिव्या पडत असताना एकट्याने शाबासकी घ्यायची नाही.

त्याच वर्षी त्याने चर्च उभं केलं. कसं? लोहाराचं एक जुनं दुकान विकत घेतलं आणि घोडे जुंपून ते अख्खं ओढत सिक्स्थ स्ट्रीटवरच्या जागेवर आणलं. नाव ठेवलं बेथेल. उद्घाटनाला ॲस्बरीच आले. ॲलन पोटापाण्यासाठी धुराडी साफ करायचा धंदा चालवायचा, चपला-बूट शिवायचा. चर्चच्या पैशावर तो जगला नाही.

पण इमारत यांची असली तरी कागदपत्रं गोऱ्या मेथडिस्टांनी अशी केली होती की मालकी हक्क त्यांच्याकडे जाईल. यांच्याकडे प्रवचन कुणी द्यायचं, तेही तेच ठरवणार. भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि १८१५ मध्ये चर्च लिलावाला निघालं. तोच तो १०,१२५ डॉलरचा लिलाव. एवढं होऊनही एक गोरा धर्मोपदेशक प्रवचनाला आलाच. पाहतो तर व्यासपीठावर आधीच त्यांचा माणूस उभा. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ जानेवारी १८१६ ला निकाल बेथेलच्या बाजूने लागला. एप्रिलमध्ये ठिकठिकाणच्या काळ्या मेथडिस्टांनी मिळून ‘आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ स्थापन केलं. ॲलन त्याचा पहिला बिशप.

तो चुकला नाही असं नाही. जरीना ली नावाची तरुणी प्रवचनाची परवानगी मागायला आली, तेव्हा आपल्या नियमांत बाईला ती मुभा नाही म्हणून त्याने तिला परत पाठवलं. पुढे आठेक वर्षांनी बेथेलमध्ये प्रवचनकार अडखळला, तेव्हा ती जागेवरून उठली आणि बोलू लागली. आता हाकलतात की काय, अशी तिला भीती. ॲलनने उभं राहून सर्वांसमोर सांगितलं की हिने माझ्याकडे पूर्वी परवानगी मागितली होती, आणि हिचा अधिकार कुणाहून कमी नाही.

१८१७ चंही तसंच. मुक्त काळ्या लोकांना आफ्रिकेत धाडायची योजना गोऱ्या पुढाऱ्यांनी आणली. काळ्या पुढाऱ्यांना, अगदी ॲलनलाही, त्यात थोडं तथ्य वाटत होतं. बेथेलमध्ये सभा भरली, जवळजवळ तीन हजार माणसं. जायला कोण तयार? एकही आवाज नाही. विरोधात कोण? छप्पर उडेल असा नकाराचा गजर. पुढाऱ्यांनी आपली भूमिका बदलली. दहा वर्षांनी ॲलन वृत्तपत्रातून लिहीत होता, की ज्या जमिनीत आमचे अश्रू आणि रक्त मुरलंय ती आता आमची आई आहे.

१८३० च्या सप्टेंबरमध्ये मुक्त काळ्या लोकांची पहिली राष्ट्रीय परिषद बेथेलमध्येच भरली, अध्यक्ष ॲलन. पुढच्या वर्षी २६ मार्चला तो गेला. लोहाराचं दुकान जिथे ओढत आणलं होतं तिथे आज चौथी इमारत उभी आहे. तिच्या तळघरात त्याची समाधी आहे, आणि जागा अजून त्याच लोकांच्या नावावर आहे.