निकोला टेस्ला
निकोला टेस्ला (१० जुलै १८५६ – ७ जानेवारी १९४३) हे सर्बियन-अमेरिकन विद्युत अभियंते व संशोधक होते. त्यांचा जन्म आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान येथे झाला. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहावरील कार्यामुळे ते विख्यात असले, तरी दूरनियंत्रित नौकेचेही ते आद्य निर्माते मानले जातात. १८९८ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी बॅटरीवरील छोटी नौका रेडिओलहरींनी चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचे पेटंट मिळाले. परक्या लहरींनी नौका बहकू नये, म्हणून दोन ठरावीक वारंवारतांच्या लहरी एकत्र आल्यावरच ग्राही प्रतिसाद देईल, अशी योजना त्यांनी केली. तिचे पेटंट १९०३ मध्ये मिळाले. अमेरिकी आरमाराने त्या काळी या शोधाची दखल घेतली नाही. अखेरची वर्षे आर्थिक विपन्नतेत काढून टेस्ला न्यू यॉर्कमध्ये निवर्तले. प्रक्षेपक व ग्राही परस्परांशी जुळलेलेच हवेत, हे तत्त्व मात्र आजच्या प्रतिकृती-नौकांमध्येही पाळले जाते.