वालचंद हिराचंद: जुन्या पद्मिनीच्या क्लचमागचा माणूस

विश्रामबागचं वालचंद कॉलेज सांगलीत सगळ्यांना माहीत आहे. पण हे वालचंद कोण?

वालचंद हिराचंद दोशी १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. रेल्वेची कंत्राटं घेत मोठे झाले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज लंडनला पाठवून त्यांनी इंग्रजांच्या जहाज कंपन्यांना टक्कर दिली. मोटारी इथंच बनवायच्या, हा त्यांचा हट्ट. इंग्रज सरकारने साथ दिली नाही, तरी ते थांबले नाहीत. १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स. १९५३ मध्ये ते गेले. पुढे याच कंपनीची पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईभर धावली. १९४७ मध्ये सुरू झालेल्या सांगलीच्या कॉलेजलाही नंतर त्यांचं नाव मिळालं.

घरी जुनी पद्मिनी असेल तर क्लच असा तपासा. रेस दिल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही? क्लच प्लेट झिजली असणार. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरतो? क्लच नीट सुटत नाहीये. आधी पेडलचा फ्री प्ले बघा. लगेच प्लेट बदलू नका, नुसत्या अ‍ॅडजस्टमेंटवरही काम भागू शकतं.