सरासरीमागचा मजूर

शेतमजुरांच्या रास्त वेतनाचा प्रश्न निघाला की दरडोई उत्पन्नाचा आकडा पुढे केला जातो. तमिळनाडूचा आकडा राष्ट्रीय सरासरीहून बराच वर आहे; मग कावेरीच्या खोऱ्यातील मजुराने तक्रार का करावी, असा त्यामागचा सूर असतो. तंजावरात हा युक्तिवाद कानी पडला की इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला दादाभाई नौरोजी आठवतात.

१८२५ साली गरीब पारशी कुटुंबात जन्मलेले दादाभाई मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. १८५५ मध्ये ते व्यापारासाठी लंडनला गेले. १८७४ मध्ये त्यांनी बडोद्याचे दिवाणपद स्वीकारले, परंतु लवकरच ते सोडले. त्यांच्यानंतर त्या पदावर आमच्या कुंभकोणमच्या मराठी घराण्यातील टी. माधवराव आले.

१८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधात दादाभाईंनी प्रांतोप्रांतीचे पीकक्षेत्र, उतारा आणि बाजारभाव मांडून हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये ठरवले. सरकारी कागदांतील सरासरीचा दोषही त्यांनी दाखवला: जिल्ह्यांचे भाव नुसते मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागले जात. समजा, एका जिल्ह्यात दहा लाख मण धान्य रुपया मणाने विकले आणि दुसऱ्यात एक लाख मण तीन रुपयांनी. नुसती सरासरी दोन रुपये येते. खरा भाव मात्र सुमारे एक रुपया तीन आणे.

पुढे त्यांनी हा २० रुपयांचा आकडा तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिला. सरासरी उत्पन्न त्याहूनही कमी भरले. शिवाय धनिकांचा वाटा मोठा असल्याने कष्टकऱ्याच्या हाती ही सरासरीसुद्धा पडत नाही, हे त्यांनी बजावले. १८९२ मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत दारिद्र्याचा वाद आकड्यांनी लढण्याची रीत देशात रुजली होती.

ती रीत तंजावरला परकी नाही. २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी मजुरीवाढीच्या संघर्षात ४४ दलित स्त्री-पुरुष व मुले जाळून मारली गेली. त्या वेळीही हा जिल्हा भाताचे कोठारच होता. कोठार भरलेले असणे आणि मजुराच्या मापात भात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १९६९ मध्ये शेतमजुरांच्या रास्त वेतनाचा कायदा झाला.

प्रशासनात आयुष्य घालवल्यावर माझे मत असे बनले आहे की दरडोई उत्पन्न हा वेतनाचा पुरावा नव्हे. त्यात कारखान्याचा नफा आणि जमीनमालकाचा खंडही मोजलेला असतो. वर्षात काम किती दिवस मिळाले, स्त्रीला किती व पुरुषाला किती मिळाले, महागाई वजा जाता काय उरले, एवढे विचारल्याखेरीज रास्त वेतनाची चर्चा करू नये. दादाभाईंनी सरासरी काढली ती दारिद्र्य उघडे करण्यासाठी. आपण ती दारिद्र्य झाकण्यासाठी वापरू नये.