दानाकडून हक्काकडे : सयाजीराव गायकवाड

शिक्षणासाठी दिलेले दान आणि शिक्षणातील न्याय या दोन गोष्टी एकच नव्हेत. दानाने न्यायाची वाट मोकळी होते. ती चालून जाण्याचे काम समाजाला, विशेषतः तरुणांना, करावे लागते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात ११ मार्च १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षी, १८७५ मध्ये, दत्तक होऊन ते बडोद्याच्या गादीवर बसले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. कदाचित म्हणूनच निरक्षरतेची किंमत त्यांना उमगली असावी. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराची सूत्रे हाती येताच त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढण्यास प्रारंभ केला. या शाळांत शिकविण्यास सवर्ण शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमावे लागले. सोनगड येथे आदिवासी मुलांसाठी वसतिगृह निघाले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानास लागू करण्यात आला.

होतकरू तरुण हेरून त्यांच्यामागे पैसा उभा करणे हा महाराजांचा दुसरा विशेष होय. विठ्ठल रामजी शिंदे यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९०६ मध्ये शिंदे यांनी अस्पृश्योद्धारासाठी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. भीमराव आंबेडकर यांना बी.ए.साठी दरमहा २५ रुपये मिळत होते. १९१३ मध्ये त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या अध्ययनासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती देण्यात आली. शिक्षण पुरे होताच दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. महाराजांच्या लेखी ही राज्याने माणसात केलेली गुंतवणूकच होती.

ही गुंतवणूक बुडाली ती जातीपायी. १९१७ मध्ये आंबेडकर करारानुसार बडोद्यास रुजू झाले. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरूनच टाकीत. गावात राहावयास जागा मिळेना. अखेर ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. परंतु जात उघड होताच तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. दिवाणांकडूनही सोय झाली नाही. ज्याच्या विद्येवर संस्थानने तीन वर्षे खर्च केला, त्याला त्याच संस्थानच्या राजधानीत एक खोली मिळू नये, यातच राजाश्रयाची मर्यादा स्पष्ट होते. महाराजांच्या हुकुमाने शाळेचे दार उघडले. घराचे दार मात्र उघडले नाही.

आंबेडकरांनी यातून घेतलेला बोध महत्त्वाचा आहे. एखाद्या उदार राजाच्या मर्जीवर पिढ्यांचे शिक्षण अवलंबून राहता कामा नये. सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मंजूर करून घेतल्या. दानाचे हक्कात रूपांतर झाले ते असे.

१९५४ मध्ये बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली ती भंडारा मतदारसंघातून, आणि तीत ते पराभूत झाले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. १९९९ मध्ये तो वेगळा झाला. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या वनभागांतून शिकावयास येणाऱ्या आदिवासी वा दलित विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती ही आता कोणाची कृपा राहिलेली नाही. तो त्याचा हक्क आहे. परंतु खोली भाड्याने देताना त्याचे आडनाव चाचपले जात असेल, तर १९१७ चे बडोदे अद्याप संपलेले नाही, असेच म्हणावे लागेल. कायदा शिष्यवृत्ती देऊ शकतो, दाता वसतिगृह बांधू शकतो; वर्गमित्राला आपल्या घरात बरोबरीने बसविण्याचे काम मात्र तरुणांनाच करावे लागेल.