विश्लेषण : धूमकेतूला ‘बाप्पू’ हे नाव कसं मिळालं? कोण होते वेणू बाप्पू?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सूर्यास्तानंतर पश्चिमेला त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू दिसला, तेव्हा अनेक हौशी निरीक्षकांनी गच्चीवरच्या छोट्या दुर्बिणीतून त्याचे फोटो काढले. त्याच्या ७५ वर्षं आधी अशाच एका फोटोने २१ वर्षांच्या भारतीय विद्यार्थ्याचं नाव धूमकेतूला मिळवून दिलं.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेव्हा हैदराबाद संस्थान लागायचं. वेणू बाप्पू वाढले त्याच्या राजधानीत. जन्म १० ऑगस्ट १९२७, चेन्नईचा. वडील निजामिया वेधशाळेत नोकरीला, त्यामुळे दुर्बीण घरातलीच गोष्ट. रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांवर त्यांनी विद्यार्थिदशेतच शोधनिबंध लिहिले.

हैदराबादच्या शिष्यवृत्तीवर ते हार्वर्डला गेले. २ जुलै १९४९ च्या रात्री आकाशाचा नेहमीसारखा फोटो घेतला. तेव्हा स्क्रीन नव्हती. काचेच्या प्लेटवर बराच वेळ प्रकाश पडू द्यायचा, मग ती अंधाऱ्या खोलीत धुवायची. त्या प्लेटवर एक अनोळखी धूमकेतू निघाला.

धूमकेतू ओळखायचा कसा? तारा ठिपक्यासारखा उमटतो, धूमकेतू धूसर. पण तेजोमेघही धूसरच दिसतात. म्हणून काही वेळाने पुन्हा फोटो घ्यायचा. तारे एकमेकांच्या तुलनेत जागेवरच असतात, धूमकेतू सरकलेला असतो. घरच्या दुर्बिणीलाही हीच कसोटी लागू पडते. शिक्षक बार्ट बॉक आणि सहकारी गॉर्डन न्यूकर्क यांच्यासह त्या धूमकेतूचं नाव ठरलं बाप्पू-बॉक-न्यूकर्क. या शोधाबद्दल बाप्पूंना डोन्हो पदकही मिळालं.

खरं तर त्यांचं मोठं काम यानंतरचं. १९५२ मध्ये पीएचडी, मग पालोमारला त्या काळची जगातली सर्वांत मोठी, २०० इंची दुर्बीण हाताशी. तिथे ओलिन विल्सन यांच्यासोबत केलेल्या कामातून ‘विल्सन-बाप्पू परिणाम’ पुढे आला : ताऱ्याच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या रेषेची रुंदी मोजून त्याचं खरं तेज सांगता येतं. तेज कळलं की अंतरही काढता येतं.

एवढं हाती असताना ते भारतात परतले. इथे तशी दुर्बीण नव्हती. आधी उत्तर प्रदेशची वेधशाळा वाराणसीहून नैनितालला उभी केली, १९६० मध्ये कोडाईकनाल वेधशाळेची सूत्रं घेतली. तमिळनाडूतल्या जवादी डोंगरात कावलूरची जागा निवडली आणि १९६८ मध्ये तिथे सुरुवात केली ती फक्त ३८ सेंटिमीटरच्या, इथेच बनवलेल्या दुर्बिणीने! आज हौशी मंडळींकडेही एवढी दुर्बीण असू शकते.

पुढचं लक्ष्य होतं २.३ मीटरची दुर्बीण, तीही देशातच घडवलेली. काम सुरू असतानाच १९ ऑगस्ट १९८२ रोजी म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं. वय ५५. तेव्हा ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष होते. ६ जानेवारी १९८६ रोजी कावलूरच्या त्या दुर्बिणीला त्यांचं नाव देण्यात आलं.