राज्यं बुडाली, नोटा उरल्या

जुन्या नोटा जमवणाऱ्यांत दोन पंथ असतात. काही जण नोटेची किंमत आणि दुर्मीळता पाहतात. काहींना मात्र ती कोणाच्या राज्यात निघाली आणि ते राज्य किती दिवस टिकलं, याचंच कुतूहल अधिक. मी या दुसऱ्या पंथातला. साम्राज्य कोसळल्यावर जी अल्पायुषी सरकारं येतात, त्यांच्या तात्पुरत्या नोटांइतकी बोलकी वस्तू मला दुसरी माहीत नाही. १९१७ साली रशियात झारशाही संपली आणि तिच्या ढिगाऱ्यातून ठिकठिकाणी नवी सरकारं उगवली. त्यांतल्या युक्रेनच्या नोटा न्याहाळताना मी नेहमी एका माणसापाशी येऊन थांबतो. त्याचं नाव हेओर्ही नार्बुत. युक्रेनमध्ये या चित्रकाराचं नाव आदराने घेतात. आपल्याकडे ते फारसं कोणाला ठाऊक नाही.

नार्बुतचा जन्म १८८६ सालचा, हलुखिव्ह गावाजवळच्या नार्बुतिव्का या खेड्यातला. घराणं लहानशा जमीनदारांचं. चित्रकलेचे धडे द्यायला कोणी नव्हतं. पण मुलाला कागद कातरून आकृत्या काढायचा नाद होता आणि जुन्या हस्तलिखितांतल्या अक्षरांचं वेड होतं. शाळकरी वयातच तो प्राचीन धर्मग्रंथांची वळणदार अक्षरं गिरवत बसे. १९०६ साली तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि इव्हान बिलिबिन या नामवंत चित्रकाराच्या घरी राहून शिकू लागला. पुढे काही काळ म्युनिकलाही शिकला. क्रिलोव्हच्या बोधकथा आणि अँडरसनच्या परीकथा यांना त्याने काढलेल्या चित्रांनी त्याचं नाव झालं. जुन्या घराण्यांची मानचिन्हं हा त्याचा आणखी एक आवडता विषय. राजधानीत त्याचं बस्तान उत्तम बसलं होतं.

ते सगळं सोडून १९१७ साली तो कीव्हला आला. तिथे नवं युक्रेनियन लोकप्रजासत्ताक आकार घेत होतं. त्याच वर्षी कला अकादमी निघाली. नार्बुत तिथे प्राध्यापक झाला आणि १९१८ साली तिचा प्रमुखही. सरकारला नोटा हव्या होत्या आणि त्याही तातडीने.

पहिली नोट निघाली ती शंभर कार्बोव्हानेत्सची. तिच्यावर साल १९१७ असलं तरी ती चलनात आली जानेवारी १९१८ मध्ये. कीव्हच्या जुन्या नगरसभेचं धनुष्याचं चिन्ह तिच्यावर आहे आणि व्होलोदिमिर राजाच्या हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांवरचा त्रिशूळही. हा त्रिशूळ राजचिन्ह म्हणून मंजूर झाला तो नंतर, फेब्रुवारीत. म्हणजे चिन्ह आधी नोटेवर आलं, कायद्यात मागाहून! या नोटेवर चार भाषा आहेत: युक्रेनियन, रशियन, पोलिश आणि यिडिश. आपल्या नोटेवरच्या भाषांच्या ओळींत मराठी शोधणाऱ्या वाचकाला याचं मोल वेगळं सांगायला नको. पैसा सर्वांचा आहे, एवढंच ते सरकार सांगत होतं. नोट येऊन महिना-दीड महिना होतो न होतो, तोच बोल्शेविक फौजा कीव्हमध्ये शिरल्या.

मार्चमध्ये सरकार परतलं आणि ह्रिव्न्या हे नवं चलन ठरलं. दहा, शंभर आणि पाचशे ह्रिव्न्यांच्या नोटा नार्बुतने चितारल्या. त्यांची छपाई बर्लिनला झाली. पाचशेच्या नोटेवर फुलांचा मुकुट ल्यालेल्या तरुणीचं मस्तक आहे, तर शंभरच्या नोटेवर कणसांची पेंढी घेतलेली शेतकरीण आणि हातोडा घेतलेला कामगार. पण नोटा हातात पडेपर्यंत सरकारच बदललं होतं! २९ एप्रिल १९१८ रोजी स्कोरोपाद्स्की हेतमान, म्हणजे राज्यप्रमुख झाला आणि डिसेंबरमध्ये तोही गेला. त्याच्या काळातही नार्बुतचं काम थांबलं नाही.

मला सर्वांत भावतं ते या काळातलं कागदी चिल्लर. नाण्यांसाठी धातू नव्हता. तेव्हा टपाल तिकिटंच जाड पुठ्ठ्यावर छापली. हे तिकीट नाण्याच्या बरोबरीने चालेल, अशी हमी मागच्या बाजूला दिली. कडेला तिकिटासारखी भोकं, पण व्यवहार पैशाचा! शंभर शाह म्हणजे एक ह्रिव्न्या. त्यांतली तीस, चाळीस आणि पन्नास शाहांची तिकिटं नार्बुतची. नखाएवढ्या जागेतही त्याने रेषेची हयगय केलेली नाही.

१९१९ साली बोल्शेविक पुन्हा आले, तेव्हा त्याने त्यांच्या नियतकालिकांची मुखपृष्ठंही केली. प्रत्येक सरकारचं काम करणाऱ्या या माणसाला संधिसाधू म्हणावं का? मला तसं वाटत नाही. सरकारं बदलली तरी जुन्या पोथ्यांचं अक्षरवळण आणि खेड्यातल्या वेलबुट्ट्या त्याच्या कामातून कधी गेल्या नाहीत. त्याची निष्ठा होती ती आपल्या लोकांच्या रूपाशी. शिवाय उपासमारीच्या त्या शहरात पोट भरायचं होतं आणि अकादमीही जगवायची होती.

शरीराने मात्र साथ दिली नाही. साथीच्या तापामागून यकृताचं दुखणं आलं, शस्त्रक्रियाही झाली. २३ मे १९२० रोजी कीव्हमध्ये त्याचं निधन झालं. वय अवघं चौतीस. बायकोव्हे दफनभूमीत त्याला पुरलं. त्याने हाती घेतलेली युक्रेनियन चित्रमय मुळाक्षरं अपुरीच राहिली. ज्या सरकारांसाठी त्याने नोटा काढल्या, त्यांतलं एकही फार काळ टिकलं नाही.

पुढे सत्तर वर्षं गेली. १९९१ साली युक्रेन स्वतंत्र झाला. १९९२ साली त्रिशूळ पुन्हा राजचिन्ह झाला आणि १९९६ साली ह्रिव्न्या हेच नाव घेऊन चलन आलं. नोट चालते सरकारच्या शब्दावर. शब्द मोडला की तिचा कागद होतो. पण नार्बुतच्या नोटांनी त्या लोकांना एकदा स्वतःचं राज्य डोळ्यांनी दाखवलं होतं. अशी ओळख एकदा पटली, की ती कोणाला रद्द करता येत नाही.