गोपाळ गणेश आगरकर : अकोल्याचे एक विद्यार्थी

वऱ्हाडांतील शाळांच्या मुलांस गोपाळ गणेश आगरकर हें नांव पाठ्यपुस्तकांमुळें परिचित असतें. केसरीचे पहिले संपादक, सुधारक पत्राचे जनक, फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल, इतकें बहुतेकांस सांगतां येतें. मात्र हे गृहस्थ मॅट्रिक झाले ते पुण्यांत नव्हे, तर आपल्या अकोल्यांत, ही गोष्ट अकोल्याच्याच किती मुलांस ठाऊक असेल याची आम्हांस शंका आहे. देशोदेशींचें कोणतें पुस्तक सध्यां वाचीत आहां, व त्यांतलें काय दुसऱ्यास सांगावेंसें वाटतें, असें यंदां आम्हीं वर्गावर्गांतून विद्यार्थ्यांस विचारलें. उत्तरें वाचतांना वारंवार आगरकरांची आठवण होत गेली. कारण परदेशचें वाचलेलें आपल्या माणसांस सांगणें याच उद्योगांत त्या पुरुषाचें आयुष्य खर्चीं पडलें. म्हणून या अंकासाठीं त्यांचें चरित्र निवडलें आहे.

सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळ टेंभू म्हणून खेडें आहे. तेथें १४ जुलै १८५६ रोजीं आगरकरांचा जन्म झाला. घर अत्यंत गरिबीचें. कऱ्हाडास कांहीं इयत्ता झाल्यावर शिक्षण थांबलें आणि कोवळ्या वयांत मुनसफाच्या कचेरींत उमेदवारी करण्याची पाळी आली. तेथेंच राहिले असते तर कारकून होऊन पोट भरलें असतें; पण शिकण्याची तळमळ स्वस्थ बसूं देईना. रत्नागिरीस शिकण्याची सोय होईल एवढ्या आशेवर ते सह्याद्रि ओलांडून पायीं तिकडे गेले. तेथें निभाव लागला नाहीं. माघारीं आले, मिळेल तें काम केलें, आणि अखेर अकोल्यास असलेल्या नातलगांच्या आश्रयानें राहावें म्हणून त्यांनीं वऱ्हाडची वाट धरली.

त्या वेळचें वऱ्हाड कसें होतें हें मुलांनीं ध्यानांत घ्यावें. १८५३ च्या तहानें हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला होता. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेस पोंचेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ सालीं आगगाडी नागपुरापर्यंत गेली. अकोला व बडनेरा हीं तिच्या वाटेवरचीं ठाणीं. कापसाच्या गांठी मुंबईकडे जात, आणि त्याच रुळांवरून शाळांचे शिक्षक, वर्तमानपत्रें व इंग्रजी ग्रंथ इकडे येत. गांठींचा हिशेब व्यापाऱ्यांच्या वह्यांत राहिला. ग्रंथांचा कोणी ठेवला नाहीं.

अकोल्याच्या हायस्कुलांत आगरकरांस विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरु लाभले. महाजनी हे स्वतः एम. ए. झालेले, इंग्रजी वाङ्मयाचे मोठे व्यासंगी. शेक्सपियरच्या सिंबेलाइन या नाटकाचें तारा नांवाचें मराठी रूपांतर त्यांनीं १८७९ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें वऱ्हाडच्या शिक्षणखात्यांत ते मोठ्या पदावर चढले. एकदां ते या विद्यार्थ्यास कांहीं टोंचून बोलले, तेव्हां मुलानें आपणही तुमच्यासारखे एम. ए. होऊन दाखवूं असें तोंडावर सांगितलें, अशी आख्यायिका आहे. आजच्या मुलांनीं या उत्तराचें अनुकरण करण्यापूर्वीं पुढला भागही वाचावा: त्यांनीं तें करून दाखविलें. अकोल्यास निघणाऱ्या वऱ्हाड समाचार पत्रांत विद्यार्थिदशेंतच ते लिहूं लागले होते. १८७५ सालीं मॅट्रिकची परीक्षा उतरून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेले.

तेथील हाल सर्वश्रुत आहेत. अंगांत घालावयास सदरा एकच. तो रात्रीं धुवावा, वाळत घालावा, आणि सकाळीं तोच घालून वर्गांत बसावें. परीक्षेची फी भरावयास पैसे नाहींत म्हणून एखादें नाटक लिहून विकावें असा विचार त्यांनीं केला होता, तों गणिताचे प्रोफेसर केरूनाना छत्रे यांस तें कळलें व त्यांनीं मदत केली असें सांगतात. अशा स्थितींत हा तरुण वाचीत काय होता? जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर. मिल हा इंग्रज तत्त्ववेत्ता नुकताच, १८७३ सालीं, वारला होता. स्पेन्सर तर हयात होता व त्याचे ग्रंथ एकामागून एक बाहेर पडत होते. म्हणजे आगरकर वाचीत होते तें जुनेंपुराणें नव्हे. लंडनांत ज्यावर त्या दिवसांत वाद चालले होते तेंच मुळामुठेच्या कांठीं एकच सदरा असलेला विद्यार्थी वाचीत होता.

आणि एकटा वाचीत नव्हता. कॉलेजांत बाळ गंगाधर टिळक यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला, आणि देशासाठीं काय करावें यावर दोघांच्या रात्रीं वादांत जाऊं लागल्या. सरकारी नोकरी धरावयाची नाहीं असें ठरलें. मुलगा मोठ्या पगारावर जाईल या आशेवर बसलेल्या आईस आगरकरांनीं पत्र लिहून कळविलें कीं, आपण पोटापुरत्या पैशावर संतुष्ट राहून उरलेला सर्व वेळ लोकांच्या हितासाठीं वेंचणार. त्या माउलीस तें पत्र वाचून काय वाटलें असेल, याचा विचार आम्ही पालकवर्गावर सोंपवितों.

विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनीं १८८० च्या आरंभीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, आगरकर एम. ए. होऊन त्यांस येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारींत केसरी निघाला व त्याचें संपादकत्व आगरकरांकडे आलें. पुढल्याच वर्षीं कोल्हापूरच्या राजांच्या छळासंबंधीं दिवाण बर्वे यांच्यावर लिहिलेल्या मजकुरावरून अब्रूनुकसानीचा खटला झाला, आणि टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद मिळाली. सूट मिळून १०१ दिवसांनीं, २६ ऑक्टोबर १८८२ रोजीं, ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांतून सुटले. त्या दिवसांचें वर्णन आगरकरांनीं स्वतंत्र पुस्तकांत केलें आहे. कोठडींतही दोघांचे वाद इतक्या मोठ्यानें चालत कीं पहारेकऱ्यांस दटावावें लागे.

त्याच तुरुंगांत आगरकरांनीं हॅम्लेटचें भाषांतर हातीं घेतलें. डेन्मार्कच्या एका राजपुत्राचा बाप मारला जातो, मारणारा चुलताच गादीवर बसतो व आईशीं लग्न लावतो; सूड घ्यावा कीं न घ्यावा या विचारांतच पुत्राचा जीव पोळून निघतो, अशी ती कथा. तिला त्यांनीं विकारविलसित असें नांव दिलें आणि राजपुत्रास चंद्रसेन केलें. १८८३ सालीं पुस्तक निघालें. शाहूनगरवासी नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें, आणि गणपतराव जोशी यांच्या अभिनयामुळें, ज्यांस इंग्रजीचें अक्षर येत नव्हतें अशा प्रेक्षकांच्या ओळखीचा तो राजपुत्र झाला. अकोल्याच्या गुरूनें शेक्सपियर मराठींत आणला, शिष्यानेंही आणला. गुरूचें नाटक आज क्वचित् कोणाच्या स्मरणांत आहे. शिष्याचें नांव निघतें.

परंतु आगरकरांचें खरें काम नाटकांत नव्हे, निबंधांत आहे. मतभेद विकोपास जाऊन १८८७ सालीं त्यांनीं केसरी सोडला, आणि १८८८ च्या ऑक्टोबरांत सुधारक काढला. त्यांत मराठीच्या जोडीस इंग्रजी मजकूर असे, व तो भाग आरंभीं गोपाळ कृष्ण गोखले पाहत. मिलनें स्त्रियांच्या दास्यावर १८६९ सालीं ग्रंथ लिहिला; तो वाचून आगरकरांनीं त्याचा नुसता गोषवारा दिला नाहीं. त्यांनीं आपल्या वाड्यांतील केशवपन केलेली विधवा पाहिली, आठव्या वर्षीं बोहल्यावर चढविलेली मुलगी पाहिली, आणि मिलचा प्रश्न त्यांच्यासंबंधानें मराठींत विचारला. मुलींस पोट भरतां येईल असें शिक्षण द्यावें, असें त्यांनीं त्या काळांत लिहिलें. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षें करणारा कायदा १८९१ सालीं झाला. त्याच्या वादांत एका बाजूस टिळक व दुसऱ्या बाजूस आगरकर उभे होते. एका खोलींत वाचलेल्या, एका कोठडींत राहिलेल्या मित्रांची ही स्थिति वाचून आम्हांस आजही वाईट वाटतें.

येथें आमच्या पालकांपैकीं कोणी विचारील कीं, ज्या शाळेचा दिवस प्रार्थनेनें सुरू होतो तिच्या वार्षिकांत ईश्वरासंबंधीं अज्ञेयवादी असलेल्या पुरुषाचें चरित्र कां? प्रश्न रास्त आहे. आगरकरांची या बाबतींतली दिशा आमची नव्हे, हें आम्ही उघड सांगतों. देवतांची उत्पत्ति कशी झाली यावरील त्यांचे निबंध स्पेन्सरच्या आधारावर उभे आहेत. मृतांच्या भुतांविषयींच्या भीतींतून देव निर्माण झाले ही ती उपपत्ति. तिला धर्मांच्या आजच्या अभ्यासकांत फारसा कोणी मानीत नाहीं. ताजें वाचलेलें ताजेंच वाढण्यांत हा धोका असतोच. परंतु ते श्रद्धावंतास शिव्या देऊन थांबत नाहींत. आपलीं कारणें एकेक करून मांडतात व वाचणाऱ्यास उत्तर देण्यास जागा ठेवतात. ज्यांस आमच्यासारखें उत्तर द्यावयाचें आहे त्यांनीं तर त्यांस आधीं नीट वाचलेंच पाहिजे. आमच्या ग्रंथालयांत पवित्र शास्त्राच्या कपाटाशेजारींच आगरकरांचे निबंध असावेत असें आमचें मत आहे, आणि वरच्या वर्गांतील मुलींनीं ते मुलांच्या आधीं मागून न्यावेत अशी इच्छा आहे.

या लेखनाचें मोल त्यांस रोख मोजावें लागलें. ते जिवंत असतांनाच पुण्यांतील सनातन्यांनीं त्यांची प्रेतयात्रा काढली व ती त्यांच्या घरावरून नेली. दमा तर सोबतीस होताच. १८९२ सालीं वामन शिवराम आपटे वारल्यावर ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. सकाळीं कॉलेज, रात्रीं सुधारकाचे लेख, आणि मध्यें खोकल्याची उबळ. १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं एकुणचाळीस वर्षें पुरीं होण्याच्या आधींच, त्यांचा अंत झाला. आपल्या अंत्यविधीचा भार दुसऱ्यावर पडूं नये म्हणून वीस रुपये पुरचुंडींत बांधून ठेविलेले सांपडले असें सांगतात. केसरींतला मृत्युलेख टिळकांनीं लिहिला.

न्यू इंग्लिश स्कुलांत आगरकरांच्या हाताखालीं हरि नारायण आपटे नांवाचा एक विद्यार्थी होता. विकारविलसित निघालें तेव्हां त्यानें निबंधचंद्रिका मासिकांत आपल्याच गुरूच्या भाषांतराचें लांबलचक व कठोर परीक्षण केलें. हेच आपटे पुढें पण लक्षांत कोण घेतो ही कादंबरी लिहून घरोघरच्या बायकांचें दुःख मराठी वाचकांपुढें मांडते झाले. १९०७ सालीं पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अकोल्याचे वृद्ध गुरु महाजनी होते. १९१२ सालीं संमेलन अकोल्यास भरलें, आणि त्याच्या अध्यक्षपदीं हरि नारायण आपटे बसले.